उजेड बांधून नेताना

(दृश्य: कौलारू घराचा सोपा. खाटेवर उघडी बॅग.)

कोल्हापुरात चित्रकार आणि कॅमेरा यांची सोयरीक जुनी आहे. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथेच, १९१८ च्या सुमारास, देशी कॅमेरा घडवला. आज कॅमेरा दुकानात मिळतो, पण तो मोटारसायकलला बांधून गडहिंग्लजच्या नाहीतर गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं म्हटलं की पंचाईत सुरू होते.

गावोगावी जाऊन व्यक्तिचित्र करणारा समोर बसवून रंगवतो आणि उरलेल्या कामासाठी फोटो घेऊन येतो. दोन्हीला उजेड तोच लागतो, आणि तो दुपारभर बदलून चालत नाही. म्हणून बॅगेत आधी दिवा जातो.

साठ वॅटचा एलईडी पुरतो. सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या पुढे हवा. स्वस्त एलईडीत लाल कमी पडतो, चेहरा आजारी दिसतो आणि रंगवणारा उगाच पॅलेटवर लाल वाढवत बसतो. ९९ वॅट-अवरच्या बॅटरीवर हा दिवा पूर्ण उजेडाने जेमतेम दीड तास चालतो. बैठक तीन तासांची असेल तर बॅटऱ्या दोन घ्याव्यात, नाहीतर दिवा निम्म्यावर ठेवावा. अडॅप्टर आणि पाच मीटरची वायर सोबत असावी, पण खेड्यात लाईटच्या भरवशावर बैठक मांडू नये.

विमानाने जायचं असेल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते, त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा छापलेला नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणायचं: ७.२ गुणिले ६.६, म्हणजे साडेसत्तेचाळीस. टोकांवर टेप लावायची. खिशातल्या चिल्लरीनेसुद्धा शॉर्ट होतो.

(दृश्य: स्टँडचं टोक, अगदी जवळून.)

पाय उलटे वर दुमडणारा दिव्याचा स्टँड पन्नास सेंटीमीटरच्या आसपास मिटतो, म्हणून तो दुचाकीवर मावतो. त्याच्या टोकाला बोटाएवढी धातूची खुंटी असते. तिच्यावर ब्रॅकेट बसतं, ब्रॅकेटच्या भोकात दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या छत्रीची दांडी. हा सगळा डोलारा एका फिरकीच्या स्क्रूवर उभा असतो. एसटीच्या हादऱ्यांनी तो ढिला होतो, आणि वाटेत पडला तर दिवा हातात धरून बसायची वेळ येते. ब्रॅकेट दिव्यालाच लावून ठेवावं, फिरकी घट्ट करून तिच्यावर कापडी टेपचा एक वेढा. कॅमेरा ट्रायपॉडवर अडकवणारी प्लेट कॅमेऱ्याच्या बुडालाच कायमची बसलेली बरी. ट्रायपॉडवर ठेवली की दुसऱ्या ट्रायपॉडबरोबर घरी राहते. तिचा स्क्रू आवळायला नाणं चालतं.

वजनाची पिशवी रिकामी न्यायची आणि तिथली माती भरायची. उघडी छत्री म्हणजे शीडच. सोप्यात वाऱ्याची एक झुळूक आली की स्टँड आडवा.

दोन मीटरचं पांढरं आणि तेवढंच काळं कापड घडी करून तळाला घालावं. हिरव्या-निळ्या डिस्टेंपरच्या भिंतीचा रंग गालावर उतरतो, तो कापडाने अडवता येतो. घरातली ट्यूबलाईट मात्र बंदच करायची.

(दृश्य: तालीम. मातीत उतरलेला पैलवान.)

तालमीतल्या तांबड्या मातीत तेल-ताक मुरलेलं असतं, तरी धूळ उडतेच आणि दिव्याचा पंखा ती आत ओढतो. इथे लेन्स बदलू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल त्याहून बारीक. तो झूमच्या कड्यात शिरतो. आधी हवा मारायच्या रबरी फुंकणीने उडवायचा, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं पहिल्यांदा फिरवलं की त्याचा लगदा होतो.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास उघडू नये, गार काचेवर दव धरतं. तोवर चहा होतोच. सिलिका जेलची निळी खडी गुलाबी दिसली की ती ओल प्यायली. ती तापवून पुन्हा वापरता येते, फक्त स्वयंपाकाच्या तव्यावर नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

फ्लॅशचे चार सेल काढून डबीत ठेवायचे: भरलेल्यांचं टोक वर, संपलेल्यांचं खाली.