प्रश्नावलीच्या आधी

मित्रहो, विक्री घसरली की बहुतेक कंपन्यांत पहिला हुकूम सुटतो तो प्रश्नावली तयार करण्याचा. हजार लोकांना विचारा, आलेख काढा, सोमवारी सादर करा. पण त्या प्रश्नावलीतले पर्याय, म्हणजे किंमत, दर्जा, उपलब्धता, जाहिरात, आले कुठून? बैठकीत बसलेल्यांच्या डोक्यातून. खरं कारण यादीतच नसेल, तर लाख लोकांनी खुणा केल्या तरी ते वर येणार नाही. यादीत काय असायला हवं, हे ग्राहकाकडून काढून घेण्याचं काम अन्वेषणात्मक संशोधनाचं.

यातला माझा लाडका प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांचा, १९५० साली प्रसिद्ध झालेला. इन्स्टंट कॉफी न वापरणाऱ्या गृहिणींना कारण विचारलं, तर बहुतेकींचं उत्तर ठरलेलं: चव आवडत नाही. इथे अहवाल संपवला असता तर पुढची काही वर्षं चव सुधारण्यात गेली असती. हेअर यांना ते उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटलं. त्यांनी सामानाच्या दोन याद्या केल्या. मांस, पाव, गाजरं, बटाटे, सगळं तेच. फक्त एकीत नेसकॅफे इन्स्टंट आणि दुसरीत मॅक्सवेल हाऊसची दळलेली कॉफी. प्रत्येक यादी वेगळ्या ५० जणींना दिली आणि विचारलं, हे सामान घेणारी बाई कशी असेल? नेसकॅफेवालीला ४८ टक्के जणींनी आळशी ठरवलं, दुसरीला ४ टक्क्यांनी. दुखणं निव्वळ चवीचं नव्हतं.

स्वतःबद्दल विचारलं की माणूस शोभेलसं बोलतो. तिसऱ्याबद्दल बोलताना मोकळा होतो. अपुरी वाक्यं पूर्ण करून घेणं, चित्रातल्या माणसाच्या तोंडी संवाद घालायला लावणं, ही सगळी प्रक्षेपण तंत्रं यावरच उभी आहेत. पण हा किस्सा सांगणारे एक भाग हमखास गाळतात. हेअर यांनी पुढे घरांतली फडताळंही पाहून घेतली. जिच्याकडे इन्स्टंट कॉफी आहे ती काय म्हणते आणि जिच्याकडे नाही ती काय म्हणते, हे त्यांनी ताडून पाहिलं. सुचलेलं गृहीतक वागणुकीला लावून बघितलं. शिवाय हाच प्रयोग पुन्हा करून १९७० साली निष्कर्ष छापले गेले, तेव्हा आळशीपणाचा तो शिक्का उरला नव्हता. अशा निष्कर्षांना मुदत असते.

फोकस ग्रुपबद्दल, म्हणजे काही ग्राहकांना एकत्र बसवून घडवलेल्या चर्चेबद्दल, थोडक्यात, कारण त्याचं कौतुक गरजेपेक्षा जास्त झालंय. त्याचं मूळ अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या केंद्रित मुलाखतीत, म्हणजे एकाच विषयावर रोखलेल्या मुलाखतीत आहे, १९४०च्या दशकातलं. गटातून कल्पना निघाव्यात आणि मग त्या मोठ्या नमुन्यावर तपासाव्यात, अशी त्यांची धारणा होती. बाजाराने पहिली पायरी उचलली, दुसरी सोडून दिली. त्याबद्दलची नाराजी मर्टन यांनी १९८७ साली लिहूनही ठेवली. आजही आठपैकी सहा जणांना वेष्टन आवडलं की स्लाइडवर ‘७५ टक्के ग्राहक’ असं झळकतं. आठ माणसांची टक्केवारी काढणाऱ्याच्या हातून कॅल्क्युलेटर काढून घ्यायला हवा! त्यात एक जण मोठ्या आवाजाचा निघाला की बाकीचे माना डोलावतात.

मी स्वतः एकेकट्याच्या मुलाखतींच्या बाजूचा आहे. अॅबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर या विपणन संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं की ग्राहकगट बराचसा एकसारखा असेल, तर २० ते ३० मुलाखतींत ९० टक्के किंवा त्याहून जास्त गरजा हाती लागतात. मात्र माणसं नीट निवडा. समाधानी ग्राहक गोड बोलतात आणि फारसं शिकवत नाहीत. सोडून गेलेले, वस्तू भलत्याच कामाला वापरणारे, दुकानात हातात घेऊन परत ठेवणारे, यांना गाठा. ‘तुम्हाला काय हवंय?’ विचारू नका. ‘गेल्या वेळी घेतलंत तेव्हा काय काय झालं?’ विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच नव्या माणसाला जड जातं. चारदोन मुलाखती ओळीने नवं काही देईनाशा झाल्या की थांबा आणि मग खुशाल प्रश्नावली लिहा.

तिच्यात ‘इतर’ची जागा मोठी ठेवा. पहिल्या पन्नासेक फॉर्मांतच लोक तिथे भरभरून लिहू लागले, तर सर्वेक्षण थांबवा आणि पुन्हा मुलाखतींना लागा.