रोड बाईक घेताना माहितीपत्रक कसे वाचावे?

नमस्कार. पडद्यावर दोन रोड बाईकची, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात पळवायच्या सायकलींची, माहितीपत्रके दिसत आहेत. दोन्हींची फ्रेम ॲल्युमिनियमची आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) कार्बनचा आहे. एकीवर शिमानो कंपनीचा सोरा हा गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच आहे, दुसरीवर त्याच कंपनीचा वरच्या प्रतीचा टियाग्रा, आणि किमतीत वीस हजारांचा फरक आहे असे धरून चालू. सोराला मागे नऊ गिअर असतात आणि टियाग्राला दहा, हे खरे. परंतु त्यासाठी वीस हजार मोजण्यापूर्वी पत्रकाच्या खालच्या ओळी वाचाव्यात, कारण ठळक अक्षरांत छापलेले नाव पुष्कळदा शिफ्टर (गिअर बदलायची कळ) आणि डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) यांच्यापुरतेच खरे असते, आणि क्रँक (पेडलचे दांडे), कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) किंवा ब्रेक मात्र हलक्या प्रतीचे बसवलेले असतात. दुकानात नजर आधी डिरेलरवर जाते. ब्रेक कोणी वाकून पाहत नाही.

गिअर किती, यापेक्षा दात किती, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. गोव्यातल्या कोलव्याच्या सपाट रस्त्यावर कोणतीही सायकल पळते. खरी परीक्षा चोर्ला घाटात होते. पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) ३४ दातांची आणि कॅसेटचे सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल फिरवत राहण्यासाठी ताशी सुमारे ९ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. तेच चक्र ३४ दातांचे असेल, तर साडेसातवर भागते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, गुडघ्यांना मात्र वाटत नाही. कॅसेट नंतर बदलता येते, पण डिरेलरचा पिंजरा (साखळी ताणून धरणारा खालचा भाग) आखूड असेल तर ३४ दात त्याला पेलत नाहीत.

ब्रेकचे तसे नाही. रिम ब्रेकचे पॅड चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबतात आणि डिस्क ब्रेकचे चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला; रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवण्याची सोयच नसते, त्यामुळे हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रिम ओली राहते आणि तांबड्या मातीचा चिखल पॅडमध्ये अडकून तिला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. पावसात सायकल चालवणाऱ्याने म्हणूनच सोरा आणि डिस्क ब्रेक घ्यावा, टियाग्रा आणि रिम ब्रेक नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. केबलवर चालणाऱ्या डिस्कमध्ये पॅड झिजले की हाताने जुळवणी करावी लागते. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकमध्ये ती बहुधा आपोआप होते, आणि तेवढ्यासाठी जास्त पैसे देणे मला योग्य वाटते.

फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो, तेही विचारावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर २५ मिलिमीटरपेक्षा २८ किंवा ३२ बरा.

सौदा ठरला की एक जादा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा भाग) मागून घ्यावा. सायकल पडल्यावर फ्रेमआधी वाकावा म्हणूनच हा लहानसा तुकडा असतो, आणि त्याचा आकार बहुधा मॉडेलनुसार बदलत असल्याने तो ऐनवेळी म्हापशात किंवा मडगावात मिळेलच असे नाही.