परळच्या काचेवरचा थेंब

(दृश्य: परळ. झाडांमागे हाफकिन संस्थेची जुनी इमारत.)

ही परळची हाफकिन संस्था. मुंबईच्या गव्हर्नरचा हा एके काळचा बंगला. १८९९ मध्ये इथे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. आज मात्र प्लेगची गोष्ट नाही. १९२८ सरता सरता इथे एक इंग्रज डॉक्टर आल्या, ल्युसी विल्स. वय चाळीस. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांच्या अंगातलं रक्त इतकं का आटतं, हे त्यांना शोधायचं होतं.

(दृश्य: काचपट्टी, त्यावर रक्ताचा थेंब.)

काचपट्टीवर एक थेंब ठेवायचा. दुसऱ्या काचेच्या कडेनं तो झर्रकन ओढायचा, की जिभेच्या आकाराचा पातळ थर पडतो. तो वाळला की रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी तांबडी पेशी अंगठ्यानं मधोमध दाबलेल्या पेढ्यासारखी दिसते, कडेला गडद आणि मध्ये फिकट. रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची, सात ते आठ. या बायकांच्या रक्तात पेशी कमी होत्या, पण ज्या होत्या त्या मोठ्या. लांबट, फुगीर, मधला खळगा जवळपास नाहीसा झालेला.

रक्त कमी आणि पेशी मोठ्या? लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. इथे उलटंच चाललं होतं.

(दृश्य: अस्थिमज्जेचं रेखाचित्र.)

हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यासाठी एका पेशीच्या दोन व्हाव्या लागतात, आणि दोन होण्याआधी केंद्रकातल्या डीएनएची नक्कल निघावी लागते. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. यातलं ‘टी’ पेशीला आयतं मिळत नाही असं समजा. ते ‘यू’ या अक्षरापासून घडवायचं, त्याला कार्बनचा एक अणू जोडून. जोडणारा गवंडी म्हणजे थायमिडिलेट सिंथेज नावाचं विकर, आपण ज्याला एन्झाइम म्हणतो. आणि डोक्यावर घमेलं घेऊन तो कार्बन आणून देणारं फोलेट, ब गटातलं एक जीवनसत्त्व. घमेलंच आलं नाही तर गवंडी कितीही कसबी असो, हात बांधून बसणार.

आता खरी गंमत पाहा. प्रथिनं बनवण्याचे निरोप आरएनए नेतो, आणि आरएनएच्या लिपीत ‘टी’ नसतोच, तिथे ‘यू’ चालतो. म्हणजे डीएनएची नक्कल अडली तरी रायबोसोमवर, पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यात, हिमोग्लोबिन हे प्रथिन बनतच राहतं. घरात वाटणी ठरली आहे, पण कागद काही तयार होत नाहीत. धान्य मात्र कणगीत पडतंच आहे. घर फुटत नाही आणि कणगी फुगते. पेशीचं तेच होतं: बाहेरचा भाग वाढलेला, केंद्रक मात्र कच्चं. अशा कितीतरी पेशी मज्जेतच मरतात. ज्या थोड्या रक्तात उतरतात, त्या ह्या फुगलेल्या.

विल्सबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, डीएनएची ही लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. आधी संसर्गाचा संशय होता, तो टिकला नाही. मग त्यांनी घराघरांतलं ताट पाहिलं. सगळ्यात गरीब घरांत भाजी, फळं, मांस जवळपास नव्हतंच. उंदरांवर प्रयोग झाले, माकडांवर झाले. एका आजारी माकडाला मार्माइट दिलं आणि ते सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळताना उरलेल्या यीस्टचा अर्क: काळपट, चिकट, खारट. चवीचं कौतुक इंग्रजांनीच करावं! पण गरोदर बायकांना ते दिलं आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. महत्त्वाचं म्हणजे, दुसऱ्या एका रक्तक्षयावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे फिका पडला होता. म्हणजे यीस्टमधलं ‘काहीतरी’ निराळं होतं.

ते काहीतरी १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्ससला सापडलं, चार टन पालकाचा अर्क काढून. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून फोलिक ॲसिड, म्हणजेच आपलं घमेलं वाहणारं फोलेट. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच चमूनं पुढे फोलेटसारखी दिसणारी, पण त्याच्या वाटेत ठाण मांडणारी रसायनं केली. मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं: वापरलेलं फोलेट पुन्हा कामाला लावणारं विकर ते अडवून धरतं, आणि भराभर वाढणारी कर्कपेशी ‘टी’विना अडकते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच ही गोळी घेणाऱ्यांना डॉक्टर सोबत फोलिक ॲसिडही का देतात, ते आता लक्षात आलं असेल.

(दृश्य: शिजणारी मेथी, गाळलेलं हिरवट पाणी.)

फोलेट पाण्यात उतरतं आणि आचेनं नासतं. पालेभाजी उकडून पाणी फेकलं तर बराचसा माल मोरीत गेला.

ब-१२ हे फोलेटचं सख्खं शेजारी. ते नसेल तर फोलेट एकाच रूपात अडकून पडतं आणि पेशी तशाच फुगतात. अशा वेळी नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंची झीज आतून चालूच राहते. ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी घरांनी हे विसरू नये.

(दृश्य: रक्ततपासणीचा छापील अहवाल, एमसीव्हीच्या ओळीवर बोट.)

अहवालातली एमसीव्हीची ओळ म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ८० ते १००. इथेच फसगत होते. लोहही कमी आणि फोलेटही कमी असेल, तर काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी येते नव्वद. कागद म्हणतो सगळं ठीक. मग कुणीतरी पुन्हा काचपट्टी घेतं, थेंब ओढतं आणि सूक्ष्मदर्शकात डोकावतं. लहान आणि मोठ्या पेशी शेजारी शेजारी, आणि त्यांच्यात एक पांढरी पेशी, जिच्या केंद्रकाचे तीन-चार नाही, चक्क सहा तुकडे मोजता येतात: फोलेट किंवा ब-१२ कमी पडल्याची खूण.