दोन सूत खाली

[दृश्य : सकाळ. गुहागर तालुक्यातलं एक गाव. कौलारू गिरण, पुढच्या अंगणात भाताची पोती. गिरण बंद आहे.]

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की इथं पोत्यांची रांग लागते. कुणाला उकडा हवा, कुणाला सुरय. एरवी ह्या वेळेला पट्ट्याचा आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जातो. आज अंगणात नुसते कावळे आहेत.

काल दुपारी आधी खडखड झाली, मग जळक्या ग्रीसचा वास आला. गिरणवाल्या तात्यांनी धावत जाऊन स्विच पाडला. शाफ्टला, म्हणजे गिरण फिरवणाऱ्या लांब दांड्याला, आधार देणाऱ्या चार ठोकळ्यांपैकी तिसरा ठोकळा हात लावता येणार नाही इतका तापला होता.

[दृश्य : जमिनीलगतचा लांब शाफ्ट, त्यावर पुल्या. मिस्त्री गुडघ्यावर बसून ठोकळ्याचं झाकण उघडतात.]

एका टोकाला मोटर. मधे पंधरा-सोळा फुटांचा एकच लांब शाफ्ट. त्यावरून एक पट्टा भात सडणाऱ्या हलरला जातो, दुसरा पिठाच्या चक्कीला, तिसरा मसाल्याच्या डंकाला. जुन्या गिरण्यांची ही रचना आता कमी झाली, पण कोकणात अजून दिसते. एक मोटर आणि एक शाफ्ट एवढ्यावर सगळं घर चालतं.

मिस्त्री ठोकळ्यातलं बेरिंग, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी, काढून हातावर घेतात. गोळ्या निळ्या पडल्यात. पोलाद तापून निळं पडलं, की त्याचं पाणी उतरलं असं समजायचं.

"तात्या, हे तिसऱ्यांदा," मिस्त्री म्हणतात. "बेरिंगात खोट नाय. खोट जोत्यात हाय."

[दृश्य : पहिल्या ठोकळ्यापासून चौथ्यापर्यंत ताणलेला पांढरा दोरा.]

मिस्त्रींनी काही महागडं उपकरण आणलेलं नाही. शाफ्ट उतरवून त्यांनी दोरा ताणला आणि पट्टी धरली. तिसरा ठोकळा दोन सूत खाली आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंडी, सुतार, फिटर, सगळे अजून ह्याच मापात बोलतात. दोन सूत म्हणजे सुमारे सव्वासहा मिलिमीटर. शेजारच्या ठोकळ्यापासून अंतर चार फूट, म्हणजे बाराशे मिलिमीटरच्या जरा वर. भागाकार केला तर शाफ्टचा तिरकेपणा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही. आम्ही कॅमेरा जमिनीला टेकवून पाहिला, शाफ्ट आम्हाला सरळच दिसला.

पण कोन मोजायचा तो मिनिटांत. एका अंशाची साठ मिनिटं. आपला तिरकेपणा साधारण अठरा मिनिटांचा. आणि मोटरपासून पंख्यापर्यंत सगळीकडे असतं ते साधं, एका ओळीच्या गोळ्यांचं बेरिंग सोसतं फार तर दहा मिनिटं, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्याच्या गोळ्या खोल चरात बसलेल्या असतात. शाफ्ट तिरका झाला, की गोळ्या चराच्या कडेवर चढतात, सगळा भार मोजक्या ठिकाणी येतो आणि फेऱ्यागणिक तीच जागा झिजते.

जोतं खचलं कशानं, हे इथं कुणी विचारत नाही. जोतं जांभ्याचं आहे, खाली भराव आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पण चिरा कितीही घट्ट झाला तरी खालची माती पाणी पिते आणि सुकते, पिते आणि सुकते. त्यात हलरचा हादरा. दोन सुतांवर भागलं, हेच नशीब.

[दृश्य : जुना नकाशा. अरबी समुद्रावरून कॅमेरा उत्तरेकडे सरकतो, युरोपच्या उत्तरेला थांबतो.]

ह्याच दुखण्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी आणखी एका माणसाला छळलं होतं. तोही पश्चिम किनाऱ्यावरचाच. फक्त किनारा स्वीडनचा.

गोथेनबर्ग हे बंदर चिकणमातीवर उभं आहे. 1621 साली ते वसवताना डच जाणकार बोलावले होते, कारण दलदलीत शहर कसं उभारायचं हे त्यांना ठाऊक होतं. ह्या शहरातल्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर यंत्रांची देखभाल करायचा. तिथलीही रचना हीच. लांब शाफ्ट, त्यावर पुल्या, पुल्यांवरून मागाकडे जाणारे पट्टे. खालची माती हलायची, इमारत जराशी बसायची, शाफ्टची रेष मोडायची आणि बेरिंगं जायची. नवी मागवली, की येईपर्यंत माग थांबलेले.

रेष पुन्हा पुन्हा सरळ करत बसणं, हा उपाय सगळेच करत होते. विंगक्विस्टनं जमीन हलणार हे धरूनच चालायचं ठरवलं.

[दृश्य : मिस्त्रींच्या हातात नवं बेरिंग. ते आतली कडी अंगठ्यानं तिरकी करतात. ती डुलते.]

हे पाहा. बाहेरची कडी घट्ट धरली आहे आणि आतली कडी गोळ्यांसकट डावी-उजवीकडे झुकते आहे. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मोडकंच आणलं की काय.

आत गोळ्यांच्या दोन ओळी आहेत. आतल्या कडीवर त्यांच्यासाठी दोन चर आहेत. बाहेरच्या कडीला मात्र चरच नाहीत. तिचा आतला पृष्ठभाग म्हणजे एका मोठ्या गोलाचा तुकडा. उखळीत जसं मुसळ कुठल्याही बाजूला कलतं, तशी आतली कडी ह्या गोलात कलते आणि कललेल्या अवस्थेतही गोळ्या सुखानं फिरत राहतात. विंगक्विस्टनं ह्याचं पेटंट घेतलं ते 1907 साली, आणि त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे तिचा कारखाना चिंचवडला आहे. जाता जाता सांगायचं तर व्होल्वो ही मोटारही ह्याच घरातली. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी फिरतो'. नाव आधी बेरिंगसाठी राखलं होतं, मोटार आली 1927 साली.

अशा बेरिंगला अडीच अंशांपर्यंतचा तिरकेपणा सहज चालतो. म्हणजे दीडशे मिनिटं. आपली गरज अठराची.

गोळ्यांना पेलणार नाही असा भार असेल, तर गोळ्यांच्या जागी पिंपासारखे फुगीर रोलर येतात. ते 1919 साली, त्याच कंपनीतल्या आर्विड पाल्मग्रेन यांनी काढले. खडी फोडणाऱ्या यंत्रांत आणि उसाच्या कारखान्यांत ही बेरिंगं हमखास सापडतील.

[दृश्य : बेरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा.]

मिस्त्री चष्मा वर करून आकडा वाचतात. 1206. सुरुवातीचा एक म्हणजे डुलणाऱ्या जातीचं. शेवटच्या सहाला पाचानं गुणा, तीस मिलिमीटरचा शाफ्ट. साध्या बेरिंगचा आकडा सहापासून सुरू होतो, रोलरवाल्याचा बहुतेकदा बावीसपासून. दुकानात नाव कुणी घेत नाही, आकडाच सांगतात.

तात्यांचा एक प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. "मागच्या वेळी दुकानदारानं दिलेला ठोकळापण सेल्फ-अलाइनिंग, म्हणजे आपोआप जुळवून घेणाराच होता की. मग तो का गेला?"

मिस्त्री हसतात. हा घोळ बाजारात रोज होतो. बिडाच्या ठोकळ्यात बसवलेलं तयार बेरिंग मिळतं, त्याच्या बाहेरच्या कडीची पाठ गोल असते, म्हणून ते ठोकळ्यात वळतं. पण ते वळतं बसवताना. एकदा बोल्ट आवळले आणि शाफ्ट फिरू लागला, की ते आहे त्या कोनात बसून राहतं. त्याच्या पोटात एका ओळीचं साधं बेरिंगच असतं. पुढं जोतं आणखी खचलं, की पुन्हा बोंब. विंगक्विस्टचं बेरिंग फिरता फिरताही जुळवून घेतं. दोघांनाही दुकानात एकाच नावानं हाक मारतात, आणि ह्यात गिरणवाल्याचेच पैसे जातात.

असं बेरिंग घातलं म्हणून जोतं विसरायचं, असंही नाही. शाफ्ट चार ठिकाणी धरलेला आहे, एक जागा खाली गेली की तो वाकतो, आणि दर फेऱ्याला उलटसुलट वाकत राहतो. तार वाकवून वाकवून तुटते, तसाच तो एक दिवस तुटेल. म्हणून मिस्त्री ठोकळ्याखाली पत्र्याच्या पट्ट्या सारतायत. दोन सूत भरून काढलंच पाहिजे. पुढच्या पावसात जे खचेल, ते बेरिंग बघून घेईल.

[दृश्य : मालवणची दांडी. वाळूवर ओढलेल्या होड्या, एकीचा पंखा आणि शाफ्ट जवळून.]

गिरणीचं जोतं वर्षाला थोडं हलतं. होडीचं जोतं दर लाटेला हलतं.

जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा इंजिनाची कामं निघतात. पण इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याचं शेवटचं काम वाळूवर करून भागत नाही. लाकडी सांगाडा वाळूवर टेकलेला असतो तेव्हा त्याचा आकार एक, पाण्यात तरंगायला लागला की दुसरा. डिझेलची टाकी भरली, बर्फ भरला, जाळी चढवली, की तिसरा.

इथला एक तांडेल सांगतो, "वाळूर सरळ केलेलो शाफ्ट पाण्यात सरळ रवत नाय. होडी आपली जागा घेता."

म्हणून होडी पाण्यात उतरवून, दोन दिवस मुरू देऊन, मग इंजिनाजवळची जोडणी पुन्हा तपासायची. शाफ्ट लांब असेल तर मधल्या आधारात डुलणारं बेरिंग घालायचं. पंखा पाणी मागं लोटतो तेव्हा तो होडीला पुढं रेटत असतो. तो रेटा झेलणारं बेरिंग छोट्या होडीत गिअरबॉक्समध्येच असतं. जयगडला लागणाऱ्या मोठ्या जहाजांत मात्र हा रेटा कुठल्याही गोळ्यांवर किंवा रोलरवर टाकत नाहीत. तो तेलावर टाकतात.

[दृश्य : चिपळूणहून वर चढणारा रस्ता. सह्याद्रीची भिंत. पोफळी.]

तेलावर म्हणजे काय, ते समजायला पोफळीला यावं लागतं. आम्ही आत गेलो नाही, कॅमेरा बाहेरच आहे. ह्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. घाटावरचं पाणी साडेचारशे मीटरहून अधिक खोल कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीच्या वाटेनं दाभोळच्या खाडीत, समुद्राला मिळतं.

तिथला शाफ्ट उभा आहे. चाक, जनित्राचा फिरता भाग, सगळं टनांच्या हिशेबातलं वजन एकाच बेरिंगवर लटकतं. अशा उभ्या यंत्रांत शाफ्टला एक जाड चकती असते आणि चकतीखाली वर्तुळात मांडलेल्या धातूच्या पाट्या, पिझ्झ्याच्या फोडींसारख्या. सगळं तेलात बुडालेलं. प्रत्येक पाटी एका टेकूवर उभी असते, म्हणजे ती जराशी कलू शकते.

इथं थोडं मागं जायला हवं, कारण ही गोष्ट अपघातानं कळली. 1883 च्या सुमारास इंग्लंडात बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. बेरिंगच्या माथ्यावर तेल घालायला त्यांनी भोक पाडलं. तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. बूच मारलं, तर बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. मग दाबमापक लावला. बेरिंगवर सरासरी जेवढा भार होता, त्याच्या दुपटीच्या पलीकडे काटा गेला. शाफ्ट धातूवर टेकलेलाच नव्हता, तेलानं त्याला उचलून धरलं होतं. 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी ह्याचं गणित मांडलं. फिरता पृष्ठभाग तेलाला निमुळत्या जागेत ओढून नेतो, आणि त्या पाचरीत दाब तयार होतो.

पण ती पाचर किती निमुळती ठेवायची? वेग बदलला की उत्तर बदलतं, भार बदलला की बदलतं, तेल तापून पातळ झालं की पुन्हा बदलतं. मेलबर्नचे मिचेल आणि अमेरिकेतले किंग्सबरी, दोघांनी एकमेकांशी संबंध नसताना तोच तोडगा काढला. पाटी मोकळी सोडा, कोन तीच ठरवेल. मिचेल यांचं पेटंट 1905 चं. किंग्सबरी यांचं पहिलं जलविद्युत बेरिंग 1912 साली सस्क्वेहाना नदीवर बसलं आणि पंचाहत्तर वर्षांनंतरही ते काम करत होतं. फिरत असताना धातूला धातू लागतच नाही, मग झिजणार काय? मधे तेलाचा थर असतो, केसाहून बारीक.

अडचण येते ती थांबताना. वेग उतरला की पाचर विरते. म्हणून यंत्र रेंगाळू देत नाहीत, ठरावीक वेगाखाली ब्रेक लावून थांबवतात. आणि बरेच दिवस उभं असेल, तर तेल दबून निघून गेलेलं असतं. तेव्हा सुरू करण्याआधी सगळा फिरता भाग जॅकवर थोडा उचलतात, तेल आत शिरू देतात आणि पुन्हा खाली ठेवतात. कुठं कुठं पंपानं खालून तेल दाबूनच त्याला तरंगवतात.

[दृश्य : पुन्हा गिरण. संध्याकाळ. नवा ठोकळा, बोल्ट आवळून झालेले.]

अंगणात तीन माणसं आली आहेत, पोती घेऊन. मिस्त्री मोटरला हात लावू देत नाहीत. आधी पुली दोन्ही हातांनी धरून शाफ्ट एक फेरा फिरवतात, कान ठोकळ्याशी. मग आणखी एक फेरा, उलटा.

"तात्या, टाका आता."

पट्टा फटफटतो, सरळ होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मिस्त्री तिसऱ्या ठोकळ्यावर हाताची पालथी बाजू ठेवून उभे आहेत, आणि पहिलं पोतं हलरपाशी आलं आहे.