गाडीत बोलायचं ते मोठ्याने
(नाशिकमध्ये रुग्णवाहिकांवरचे चालक, मदतनीस आणि डॉक्टर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे हातमोजे निघतात आणि भिंतीवरचा तक्ता निघतो. त्यावर बोलेन, पण थोडकंच. मला आज बोलायचंय ते गाडीच्या मधल्या खिडकीबद्दल. पुढच्याला मागचं कळत नाही, मागच्याला पुढचं कळत नाही, आणि दोघंही धरून चालतात की त्याला माहीत असेलच.

खिडकीची काच बंद आहे, सायरन चालू आहे, मागे डॉक्टर सलाइनची सुई लावायला वाकलेत. पायलटसमोर, म्हणजे गाडीच्या चालकासमोर, म्हैस आली, त्याने ब्रेक मारला. त्याचं काही चुकलं नाही. पण 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, आणि मागे उभा असलेला माणूसही त्याच वेगात असतो. गाडी थांबते, तो थांबत नाही.

म्हणून पहिला नियम: मागून ‘चला’ ऐकू आल्याशिवाय गिअर पडणार नाही. आणि ‘चला’ कोणी कधी म्हणायचं तेही ठरलेलं हवं. स्ट्रेचर लॉक झालं, पेशंटचे पट्टे लागले, खांद्यावरचेसुद्धा, सिलिंडर बांधलेला आहे, नातेवाईक बसलेत, दार लागलं, मग मागच्या डॉक्टरांनी म्हणायचं. नातेवाइकाने काचेवर मारलेली थाप म्हणजे ‘चला’ नव्हे. पुढूनही तसंच. ‘स्पीडब्रेकर’, ‘डावं वळण’, ‘घाट लागला’ हे पायलटने ओरडून सांगायचं. कसारा घाटात किंवा सप्तशृंगीच्या वळणांवर हे दोन शब्द वेळेवर आले तर मागचा माणूस हात धरतो. मागे छाती दाबायला सुरुवात केली तर तेही पुढे कळलं पाहिजे. पायलटने वेग कमी करायचा, गरज पडली तर गाडी बाजूला घ्यायची.

आता फोन. ‘पेशंट सिरियस आहे, निघालोय’ या वाक्यातून समोरच्या हॉस्पिटलला काय कळलं? काहीच नाही. वय, बाई की पुरुष, काय झालंय, शुद्धीवर आहे का, नाडी, बीपी, ऑक्सिजन, काय दिलंय, किती मिनिटांत पोचतो. एवढंच, याच क्रमाने. आणि मराठी आकडे फोनवर फार फसवतात. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, एकोणसाठ आणि एकोणसत्तर; सायरनमध्ये ऐकून पाहा कधी. अंक सुटे सांगा: ‘ऑक्सिजन सात, नऊ’. ऐकणाऱ्याने ‘सात, नऊ’ म्हणायचं, सांगणाऱ्याने ‘बरोबर’. हे ‘बरोबर’ येईपर्यंत निरोप पोचला असं समजायचं नाही.

पत्त्याचंही तेच. नुसतं ‘पिंपळगाव’ ऐकून निघू नका. बसवंत आग्रा रोडला, बहुला सातपूरच्या पुढे त्र्यंबक रोडला, खांब नाशिकरोडच्या बाजूला. तीन पिंपळगावं, तीन दिशा. तालुका आणि जवळची खूण विचारा, पुन्हा म्हणून दाखवा.

मुंबईला रेफर असेल तर निघण्याआधी ऑक्सिजन सिलिंडरचा गेज वाचा, तोही मोठ्याने. छोटा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर साधारण 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटर लावले तर अडीच तास. भिवंडीच्या कोंडीत अडकलात तर? ‘भरलेला आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘किती मिनिटं पुरेल’ हे सांगा. आणि व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावू नका, आग लागते.

सायरनबद्दल फार बोलत नाही. रस्ता न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ते खरं. पण त्यामुळे द्वारकेच्या चौकात समोरचा थांबेलच असं नाही. लाल सिग्नलला वेग तोडा, डोळ्याला डोळा भिडला की मगच पुढे. रिकाम्या गाडीचा सायरन बंद. जेवायला जाताना वाजवणाऱ्यांमुळेच लोक बाजूला होत नाहीत, माफ करा, पण हे तुम्हालाही माहीत आहे.

गर्दी चिडलेली असेल तर गाडी तोंड बाहेर करून लावा. आपसात एक साधं वाक्य ठरवून ठेवा, ‘मोठी बॅग आण’ म्हटलं की पायलटने पोलिसांना फोन करायचा. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्यासाठी महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो नंतर कामाला येतो, त्या क्षणी गाडीचं तोंड कुठे आहे ते कामाला येतं.

सुई टोचली तर लपवू नका. टोपण परत लावायचं नाही, सुई पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर उपयोग राहत नाही.

शेवटचं पायलटसाठी. मुंबईला पेशंट सोडून पहाटे परतताना झोप येते. ‘मला झोप येतेय’ हे वाक्य बोलायची लाज वाटते, म्हणून ते कोणी बोलत नाही. ते बोललात की डॉक्टरांनी उलट प्रश्न विचारायचा नाही. गाडी इगतपुरीला किंवा घोटीला ढाब्यावर लावायची, कंट्रोल रूमला कळवायचं आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. उठल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका, आधी तोंड धुवा, चार पावलं चाला. आता प्रश्न असतील तर विचारा. नंतर खाली गाडीपाशी या, स्ट्रेचरचं लॉक प्रत्येकाने स्वतः लावून दाखवायचंय.