बाप्तिस्मा कोणाचा?

मुलगी प्रोटेस्टंट घरातली, मुलगा कॅथलिक. लग्न ठरलं की मुलीची आई हळूच बाजूला घेऊन विचारते, "आमच्या पोरीचा बाप्तिस्मा तुम्ही परत करणार का?" त्यामागचा खरा प्रश्न वेगळाच असतो. आमचा बाप्तिस्मा तुमच्या लेखी खोटा का? आम्हाला तारण, म्हणजे मुक्ती, नाही का? आज मला त्या माऊलीला उत्तर द्यायचं आहे. वाद पावणेअठराशे वर्षं जुना आहे, त्यामुळे थोडं मागे जावं लागेल.

उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ.स. २५५ च्या आसपासचा काळ. फुटीर गटांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं ख्रिस्तसभेत, म्हणजे मूळ चर्चमध्ये, येऊ लागली होती. बिशप सिप्रियन म्हणाले, त्यांना नव्याने बाप्तिस्मा द्या. ज्यांच्याकडे पवित्र आत्मा नाही, ते तो दुसऱ्याला कुठून देणार? रोमचे पोप स्टीफन म्हणाले, नाही. पूर्वापार चालत आलं आहे तेच करा, त्यांच्या डोक्यावर हात ठेवा आणि आत घ्या. वाद फार कडवट झाला. पुढे ख्रिस्तसभेने स्टीफन यांचीच बाजू धरली आणि सिप्रियन यांना हुतात्मा म्हणून वेदीवर मान दिला.

"ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही" हे वाक्य याच वादात सिप्रियन यांनी लिहिलेलं आहे. इतरांचा बाप्तिस्मा पोकळ आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी ते वापरलं. ख्रिस्तसभेने वाक्य ठेवलं, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष नाकारला! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तेच वाक्य आज कुणी प्रोटेस्टंट शेजाऱ्याच्या तोंडावर फेकत असेल, तर तो हरलेला मुद्दाच पुन्हा मांडतो आहे.

निष्कर्ष का नाकारला, ते उत्तर आफ्रिकेतलेच बिशप संत ऑगस्टीन यांनी सुमारे दीडशे वर्षांनी स्पष्ट केलं. येशूचा पट्टशिष्य पेत्र याने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, येशूला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या पंथाचा नव्हे.

वाक्याचा अर्थ मधल्या काळात कडक झाला, हे लपवू नये. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने फुटून गेलेल्यांना थेट नरकाग्नीची भीती घातली. पण त्याच परिषदेने तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की अडचणीच्या वेळी पाखंडी माणूसही खरा बाप्तिस्मा देऊ शकतो. विसाव्या शतकात बॉस्टनचे जेझुइट संघाचे धर्मगुरू लिओनार्ड फीनी हे वाक्य अक्षरशः घेऊन शिकवू लागले, तेव्हा १९४९ मध्ये रोमने त्यांचा अर्थ चुकीचा ठरवला. आणि १९६४ मध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटलं: ख्रिस्तावर विश्वास ठेवून रीतसर बाप्तिस्मा घेतलेले सगळे, अपूर्ण का होईना, पण कॅथलिक ख्रिस्तसभेशी खऱ्या ऐक्यात आहेत, त्यांच्या चर्चेसमधूनही पवित्र आत्मा तारणाचं कार्य करतो. ख्रिस्तसभा तारणासाठी आवश्यक आहे हे ओळखूनही जो मुद्दाम बाहेर राहतो, त्याला दिलेला इशारा मात्र परिषदेने कायम ठेवला.

याला कुणी ढिलाई म्हणू नये. २०२० मध्ये रोमने निर्णय दिला की "मी तुला बाप्तिस्मा देतो" याऐवजी "आम्ही देतो" म्हटलं तर बाप्तिस्मा होतच नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका तरुण कॅथलिक धर्मगुरूने आपल्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत पाहिली होती. त्यात "आम्ही" होतं. त्याला बाप्तिस्मा नव्याने घ्यावा लागला, आणि धर्मगुरूपदाची दीक्षाही. याउलट पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन, म्हणजे कॅथलिक नसलेल्या, चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव, एवढं असलं की कॅथलिक शिकवणीनुसार तो पुरता खरा आहे. त्या कॅथलिक झाल्या असत्या तरी कुणी त्यांच्या डोक्यावर पुन्हा पाणी ओतलं नसतं.

तर आई, तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा परत होणार नाही. ती प्रोटेस्टंट राहूनही कॅथलिक मुलाशी लग्न करू शकते, त्यासाठी बिशपांची परवानगी काढावी लागते. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असल्याने ते लग्न संस्कारच ठरतं. लग्नाच्या मिस्सात, म्हणजे त्या वेळच्या उपासनाविधीत, मात्र तिला साधारणपणे कम्युनियन (प्रसादाची पवित्र भाकर) घेता येणार नाही. पाणी एक असून पंगत अजून वेगळी आहे, याचं मला मनापासून दुःख आहे. तूर्त एवढंच करा: तुमच्या पाळकांकडून तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन या. आमचे धर्मगुरू तो मागतील.