रायफलची झीज आणि ती मोजणारी गेजेस

मित्रहो, जुन्या रायफलच्या तपासणीचा विषय निघाला, की गेजेस कुठे मिळतील हे आधी विचारले जाते. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. कोणते माप तपासायचे आणि कोणत्या प्रमाणानुसार तपासायचे, हे आधी ठरायला हवे. ते ठरले नसेल, तर सर्वांत महागडे गेजसुद्धा घासून चकचकीत केलेला पोलादाचा तुकडा ठरते.

हेडस्पेसचे उदाहरण घेऊ. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, पुढे सरकताना जिथे अडते, तिथपासून ते मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या फेसपर्यंतचे (पुढच्या सपाट पृष्ठभागापर्यंतचे) अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ ब्रिटिश काडतूस आपल्या बुडाच्या कडेवर अडते, तर .३०८ विंचेस्टर खांद्यावर, म्हणजे मानेकडे निमुळत्या होणाऱ्या भागावर अडते, म्हणून तिथे खांद्यावरच्या ०.४०० इंच व्यासाच्या कल्पित वर्तुळापासून माप घेतात. बोल्टची लग्ज (त्याला जागी अडकवणारे दाते) आणि त्यांच्या बैठका झिजल्या, की हे अंतर वाढते, गोळी झाडताना काडतुसाच्या पितळेवर, म्हणजे पितळी नळकांड्यावर, ताण येतो आणि ती बुडाजवळ फाटण्याचा धोका निर्माण होतो. हे अंतर तीन गेजेसनी तपासतात: गो गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गोवर होता कामा नये, आणि फील्डवरही बंद झाला तर रायफल बाद. अमेरिकेतील सामी या उद्योगसंस्थेच्या प्रमाणांवर आधारलेली .३०८ ची गेजेस साधारणतः गो १.६३०, नो-गो १.६३४ आणि फील्ड १.६३८ इंच अशी मिळतात. त्याच घराण्यातल्या ७.६२ नाटो काडतुसासाठी मात्र अमेरिकी लष्कराचे फील्ड गेज १.६४५५ इंचाचे आहे, कारण लष्करी चेंबर मुळातच सैल कापलेले असते आणि लष्करी पितळ जाड असते. समजा एखाद्या रायफलचे हेडस्पेस १.६४२ इंच भरले. व्यापारी गेज तिला बाद ठरवेल आणि लष्करी गेज सेवेत ठेवेल. दोन्ही गेजेस अचूक असूनही निकाल उलटे येतात. म्हणून गेज मागवताना केवळ काडतुसाचे नाव लिहून भागत नाही, प्रमाणही लिहावे लागते.

.३०३ ची ब्रिटिश लष्करी रायफल एनफील्ड क्रमांक ४ हिची कथा याहून वेगळी आहे. ब्रिटिश लष्कराने ०.०६४ ते ०.०७४ इंच एवढ्या हेडस्पेसची मोकळीक मान्य केली होती आणि ती ओलांडली गेली, तर बदलण्यासाठी ० ते ३ अशा क्रमांकांची, क्रमाने लांब होत जाणारी बोल्ट हेड्स (बोल्टची सुटी पुढची टोके) ठेवली होती. झीज होणारच, हे ज्यांनी आराखड्यातच गृहीत धरले, त्यांचे मला नेहमीच कौतुक वाटते.

हेडस्पेसइतकीच महत्त्वाची दुसरी झीज नळीच्या घशाची. चेंबरच्या पुढे, जिथे आटे (गोळीला फिरकी देणारे नळीतले पीळदार खाचे) सुरू होतात, तिथला पोलाद उष्ण वायूंच्या माऱ्याने खरवडला जातो. त्यासाठी निमुळते, खुणा केलेले गेज चेंबरमधून आत सोडतात. ते जितके खोल जाईल तितकी झीज अधिक. एम-१ गरँड या अमेरिकी लष्करी रायफलसाठी अशी गेजेस आहेत आणि तिच्या तोंडाकडील टोकासाठी वेगळेही आहे, कारण ती रायफल पुढूनच साफ करावी लागते आणि पोलादी सळईने तोंडाकडचे आटे झिजतात. काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचे टोक बोल्टच्या फेसबाहेर किती डोकावते, हे तपासणारे गेज तुलनेने साधे असते. एम-१६ साठी ही मर्यादा ०.०२८ ते ०.०३६ इंच आहे.

आता गेजेस कुठून येतात ते पाहू. चालू काडतुसांसाठी चेंबर रीमर (चेंबर कापण्याची हत्यारे) बनवणारे कारखानेच हेडस्पेस गेजेसही बनवतात, आणि गो, नो-गो, फील्ड ही तिन्ही एकाच कारखान्याची घ्यावीत, कारण फील्डचे माप प्रत्येक जण थोडे वेगळे धरतो. लष्करी आकाराची किंवा घशाची गेजेस बहुधा जुन्या सरकारी साठ्यातून बाहेर पडलेली असतात. त्यांच्यावर आराखड्याचा क्रमांक कोरलेला असेल तर शोध सोपा होतो, पण कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून चालत नाही. गेजही झिजते. फील्ड गेज झिजून आखूड झाले, तर बोल्ट त्यावर सहज बंद होईल आणि चांगली रायफल बाद होईल. घशाचे गेज झिजून बारीक झाले, तर ते अधिक खोल जाईल आणि नळी वास्तवापेक्षा जास्त झिजलेली दिसेल. या चुका सुरक्षित बाजूच्या आहेत. गो गेज झिजले, तर मात्र किमान मापापेक्षा लहान चेंबर पास होते.

म्हणून हाती आलेले गेज आधी तपासावे. मापनशास्त्रातला रूढ दंडक असा, की तपासायच्या टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, एक दशांशाहून गेजची स्वतःची चूक अधिक नसावी. गो आणि नो-गो यांत चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक असेल, तर गेजला ०.४ थाऊ, म्हणजे सुमारे १० मायक्रॉन मिळतात. हे काम व्हर्नियरचे नव्हे. खांद्यावर अडणाऱ्या गेजसाठी ०.४०० इंच भोकाची कडक पोलादी रिंग लागते. सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट फरशीवर, गेज रिंगमध्ये बसवून त्याची उंची स्लिप गेजच्या (अचूक मापाच्या, एकमेकांवर रचायच्या पोलादी ठोकळ्यांच्या) थराशी डायल इंडिकेटरने ताडतात. इथे एक सापळा आहे. .३०८ चा खांदा अक्षाशी २० अंशांचा असल्याने रिंगचे भोक एक थाऊने मोठे निघाले, तर लांबीत सुमारे १.४ थाऊची चूक पडते, म्हणजे दंडकाच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे रिंगचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र गेजच्या प्रमाणपत्राइतकेच मोलाचे असते. तापमानाची चिंता त्या मानाने कमी, कारण २० अंश सेल्सिअसच्या प्रमाण तापमानापासून १० अंश दूर गेलो तरी या लांबीच्या पोलादात पाच मायक्रॉनचाही फरक पडत नाही, आणि गेज व रिंग दोन्ही पोलादीच असल्याने त्यातलाही बराच भाग परस्पर निघून जातो.

जाता जाता सांगतो, स्लिप गेजचा जन्मही रायफलच्या कारखान्यातलाच. स्वीडनच्या एस्किल्स्टुना येथील सरकारी रायफल कारखान्यातील कार्ल एड्वर्ड योहान्सन यांना १८९६ मध्ये जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याला दिलेल्या भेटीनंतर प्रत्येक मापासाठी वेगळे गेज ठेवण्याऐवजी जोडता येणाऱ्या ठोकळ्यांचा संच करावा असे सुचले. पहिल्या संचात १०२ ठोकळे होते आणि त्यांतून सुमारे २०,००० मापे जुळत.

वापरताना रायफल रिकामी असल्याची खात्री करून फायरिंग पिन आणि रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकणारे एक्स्ट्रॅक्टर व इजेक्टर काढावेत, चेंबर कोरडे व स्वच्छ करावे आणि बोल्ट बोटांच्या हलक्या दाबानेच फिरवावा. बोल्टच्या हँडलला तरफेचे बळ असते. जोर लावला, तर बोल्ट नो-गोवरही बंद होतो आणि गेजचा खांदा दुखावतो. चेंबरमधल्या काजळीचा पातळ थरही लांबलेले हेडस्पेस झाकून टाकू शकतो.

ज्या काडतुसांची गेजेस आता कोणीच बनवत नाही, तिथे सेरोसेफसारख्या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा चेंबरमधून काढतात. थंड होताना तो आधी आकसतो, साधारण तासाभरात मूळ मापावर येतो आणि नंतर किंचित फुगतो, म्हणून मोजणी त्या सुमारासच उरकावी लागते. चेंबरचा आणि घशाचा आकार त्यातून कळतो. हेडस्पेस मात्र कळत नाही, कारण त्या साच्यात बोल्ट नसतो. त्यासाठी आराखड्यावरून गेज घासून घेणारा चांगला टूलरूम कारागीरच गाठावा लागतो.